जनरलचं म्हणणं फेटाळलं जातं, तेव्हा तो काय करतो?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: राजकारण्यांवरचा लोकांचा विश्वास उडत चालला आहे. अशा वेळी देशाची सूत्रं लष्करातल्या जनरलांच्या हाती दिली, किंवा निदान सरकारच्या सल्लागारांत त्यांचा भरणा केला, तर कारभार जास्त भरवशाचा होईल का? शिस्त, सचोटी, देशासाठी जीव द्यायची तयारी हे गुण त्यांच्या अंगी असतात, हा त्यामागचा विचार.

मी लष्करात दीर्घकाळ होतो. त्यातली बरीच वर्षं मुख्यालयात, मंत्र्यांपुढे जाणारी टिपणं तयार करण्यात गेली. पुढे लष्कर आणि नागरी सरकार यांचे संबंध हा विषय तरुण अधिकाऱ्यांना शिकवला. अनेक जनरल जवळून पाहिले आणि त्यांतल्या काहींबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही माझं मत असं की नुसत्या हुद्द्यावरून माणूस राजकारणात भरवशाचा निघेल की नाही, हे कळत नाही. पदकांवरून तर नाहीच. मी एकच गोष्ट तपासतो: कारकिर्दीत त्याचं म्हणणं वरून फेटाळलं गेलं, तेव्हा तो कसा वागला.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे एकाच देशाचे, एकाच पिढीचे दोन जनरल. 1942 च्या उन्हाळ्यात अमेरिकेचे लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल यांचं ठाम मत होतं की जर्मनीला हरवायचं तर इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समध्ये उतरायला हवं. उत्तर आफ्रिकेत सैन्य गुंतवलं तर ते लांबणीवर पडेल. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ऐकून घेतलं आणि हुकूम आफ्रिकेचा दिला. नोव्हेंबरमध्ये ती मोहीम निघाली. मार्शल यांनी तिच्यासाठी हात आखडता घेतला नाही. सहा वर्षांनी ते परराष्ट्रमंत्री असताना पुन्हा तसंच झालं. 12 मे 1948 रोजी व्हाइट हाउसमधल्या बैठकीत इस्रायलला लगेच मान्यता देण्याला त्यांनी कडाडून विरोध केला. मान्यता देण्याचा सल्ला तुम्ही मानलात आणि मी मतदान करणार असेन, तर तुमच्या विरोधात मत देईन, असं त्यांनी अध्यक्ष ट्रुमन यांना तोंडावर सुनावलं. दोन दिवसांनी ट्रुमन यांनी मान्यता देऊन टाकली. राजीनामा द्या असं मार्शल यांना सुचवलं गेलं, पण घटनेने ज्याला निर्णयाचा अधिकार दिला त्याने तो वापरला, एवढ्यावरून पद सोडायचं नसतं अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी बाहेर चकार शब्द काढला नाही.

दुसरे डग्लस मॅकआर्थर. धाडस, बुद्धी आणि लोकप्रियता या तिन्ही बाबतींत ते मार्शल यांच्यापेक्षा कांकणभर सरसच ठरतील. सप्टेंबर 1950 मध्ये कोरियात इंचॉनला सैन्य उतरवण्याची त्यांची योजना बऱ्याच वरिष्ठांना वेडेपणाची वाटली होती. ती त्यांनी यशस्वी करून दाखवली. पुढच्याच महिन्यात, 15 ऑक्टोबरला, पॅसिफिकमधल्या वेक बेटावर ट्रुमन त्यांना भेटले. चीन युद्धात उतरण्याची शक्यता किती, असा थेट प्रश्न होता. मॅकआर्थर यांचं उत्तर: फारच कमी. उतरलाच तर चीनच्या सीमेवरच्या यालू नदीपलीकडून जेमतेम पन्नास-साठ हजार माणसं आणू शकेल आणि त्यांची कत्तल होईल. नाताळपर्यंत आपली आठवी सेना जपानला परत नेता येईल, अशी आशाही त्यांनी बोलून दाखवली. त्याच आठवड्यात चिनी फौजा यालू ओलांडू लागल्या होत्या. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांचा मोठा हल्ला आला तेव्हा त्यांची संख्या लाखांत होती आणि अमेरिकी फौजांना कडाक्याच्या थंडीत शेकडो मैल माघार घ्यावी लागली.

अंदाज चुकणं हा गुन्हा नाही, युद्धात तो सगळ्यांचाच चुकतो. महत्त्वाचं ते पुढचं. युद्ध चीनमध्ये न्यायचं नाही असं वॉशिंग्टनने ठरवल्यावर मॅकआर्थर यांनी तो निर्णय मानलाच नाही. मार्च 1951 मध्ये ट्रुमन युद्धबंदीचा प्रस्ताव मांडायच्या तयारीत असताना त्यांनी परस्पर चीनला धमकीवजा निवेदन काढलं. विरोधी पक्षाच्या सभागृह नेत्याला पत्र पाठवून सरकारच्या धोरणावर टीका केली आणि ते पत्र संसदेत वाचून दाखवलं गेलं. 11 एप्रिलला ट्रुमन यांनी त्यांना घरी पाठवलं. जनमत तेव्हा मॅकआर्थर यांच्या बाजूने होतं. पण पुढे सेनेटपुढच्या सुनावणीत ट्रुमन यांची बाजू उचलून धरली ती मार्शल आणि ओमर ब्रॅडली या दोन जनरलांनीच. म्हणून ‘जनरल विरुद्ध राजकारणी’ अशी मांडणी मला पटत नाही. त्या वसंतात अमेरिकेची घटना सांभाळणाऱ्यांत जनरल होते आणि तिला धक्का देणाराही जनरलच होता.

आता गुणांबद्दल. लष्करातले गुण खरे असतात, खोटे नव्हेत. मात्र ते विशिष्ट चौकटीत उपयोगी पडतात आणि चौकट बदलली की त्यांचाच दोष होऊ शकतो. युलिसिस ग्रँट हे याचं मला सगळ्यात बोचणारं उदाहरण वाटतं, कारण माणूस स्वतः प्रामाणिक होता. रणांगणावर सोबत राहिलेल्या माणसाला अंतर द्यायचं नाही हा त्यांचा बाणा. अमेरिकेच्या यादवी युद्धात या निष्ठेने त्यांना साथ दिली. अध्यक्ष झाल्यावर मात्र ऑर्व्हिल बॅबकॉक हे त्यांचे जुने लष्करी सहकारी आणि खासगी सचिव मद्यकराच्या घोटाळ्यात अडकले, तेव्हा 1876 मध्ये ग्रँट यांनी अध्यक्षपदावर असताना त्यांच्या बाजूने शपथेवर साक्ष दिली. बॅबकॉक सुटले. पण आपला माणूस म्हणून डोळे मिटून घेण्याची ही सवय त्यांच्या सगळ्या कारकिर्दीला डाग लावून गेली. याच ग्रँटनी दक्षिणेत कृष्णवर्णीयांवर अत्याचार करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनविरुद्ध 1871 मध्ये कायदा आणि सैन्य दोन्ही वापरून तिचं कंबरडं मोडलं, हेही सांगायलाच हवं. तिथे समोर शत्रू होता, हुकूम होता, कारवाई होती; ते त्यांना येत होतं.

हुकमाचंही तसंच. ब्राझीलमध्ये कोविडच्या काळात दोन डॉक्टर मंत्री पाठोपाठ गेल्यावर आरोग्य खातं एदुआर्दो पाझुएलो या सेवेतल्या जनरलकडे आलं. रसद-पुरवठ्यातला वाकबगार माणूस, अशी त्यांची ख्याती. ऑक्टोबर 2020 मध्ये त्यांनी 4 कोटी 60 लाख चिनी लसमात्रा घेण्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष बोल्सोनारो यांनी ते रद्द केलं. मग दोघं एका चित्रफितीत शेजारी बसलेले दिसले आणि पाझुएलो म्हणाले, इतकं सोपं आहे, एक जण हुकूम देतो, दुसरा पाळतो. छावणीत हे वाक्य योग्य आहे. साथीच्या काळात आरोग्यमंत्र्याच्या तोंडी ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. मंत्र्याचं काम अध्यक्षाला अडवण्याचंही असतं. जानेवारीत मानाउसच्या रुग्णालयांतला ऑक्सिजन संपला आणि माणसं गुदमरून मेली. मार्चमध्ये पाझुएलो गेले. मार्शल यांच्या आज्ञापालनात आणि या आज्ञापालनात फरक काय, असं कुणी विचारेल. मार्शल आधी खोलीत भांडले होते, आणि हुकूम त्यांच्या क्षेत्रातल्या कायदेशीर निर्णयाचा होता. पाझुएलोंनी भांडण सोडूनच दिलं.

म्हणून मी कोणत्याही जनरलची कारकीर्द पाहताना तो कुठे लढला यापेक्षा कुणाबरोबर काम करून आला हे आधी पाहतो. आयझेनहॉवर पहिल्या महायुद्धात आघाडीवर गेलेच नव्हते. दुसऱ्या महायुद्धात युरोपात मित्रराष्ट्रांचे सरसेनापती म्हणून त्यांचं खरं काम होतं ते माँटगोमेरी, पॅटन, द गॉल, चर्चिल अशा एकाहून एक हट्टी माणसांना एकत्र ठेवण्याचं. त्यांतल्या निम्म्यांवर त्यांचा हुकूम चालतच नव्हता. हे राजकारणच होतं, फक्त गणवेशातलं. अध्यक्ष झाल्यावर 1954 मध्ये व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फू इथे अडकलेल्या फ्रेंचांसाठी हवाई हल्ला करावा असा आग्रह संयुक्त सेनाप्रमुखांचे अध्यक्ष ॲडमिरल रॅडफर्ड यांनी धरला. लष्करप्रमुख रिजवे यांचा विरोध होता. आयझेनहॉवरनी संसद आणि मित्रराष्ट्रं सोबत असल्याशिवाय उतरायचं नाही अशी अट घातली. ती पुरी झाली नाही आणि अमेरिका त्या युद्धात पडली नाही. पंचतारांकित जनरल असल्यामुळे गणवेशातल्या माणसांचा शब्द त्यांच्यावर दडपण आणू शकत नव्हता. जानेवारी 1961 मध्ये निरोपाच्या भाषणात लष्कर आणि शस्त्रउद्योग यांच्या एकत्रित प्रभावाबद्दल त्यांनी देशाला सावध केलं, तेही याच अधिकाराने.

युद्ध पाहिलेला माणूस युद्ध टाळतो, असं सर्रास बोललं जातं. अर्धं खरं आहे. 1939 च्या शरदात फिनलंडचे मार्शल मॅनरहाइम सरकारला सांगत होते की सैन्य तयार नाही, सोव्हिएत संघाच्या काही मागण्या मान्य करा. मुत्सद्दी अडून बसले होते, सेनापती तडजोड सुचवत होता. उलट 1962 च्या क्यूबा पेचप्रसंगात अमेरिकी हवाई दलाचे प्रमुख कर्टिस लमे हल्ल्यासाठी हटून बसले होते आणि केनेडींच्या नाकेबंदीची तुलना त्यांनी 1938 मधल्या, हिटलरपुढच्या म्यूनिखच्या शरणागतीशी केली. क्यूबात सोव्हिएत अण्वस्त्रं त्या वेळी कुठवर सज्ज होती, हे नंतर उघड झालं. अभ्यासकांनी शीतयुद्धातल्या पेचप्रसंगांची छाननी केली तेव्हा एक गोष्ट पुढे आली, आणि माझा अनुभवही तोच आहे: लढायचं की नाही या प्रश्नावर सेनाधिकारी मुत्सद्द्यांहून फारसे आक्रमक नसतात, पण एकदा लढायचं ठरलं की जास्तीत जास्त बळ वापरा असा त्यांचा आग्रह असतो.

सल्लागार म्हणून विचाराल, तर बाहेरच्यांना न दिसणारी एक जागा दाखवतो. आघाडीवरचा अधिकारी लिहितो: ‘ही तुकडी या महिन्यात हल्ला करू शकणार नाही, निम्मी वाहनं बंद आहेत.’ वरच्या कार्यालयात त्याचं होतं: ‘वाहनांच्या स्थितीमुळे सज्जतेवर परिणाम.’ त्याच्या वर: ‘काही अडचणी असून उपाययोजना सुरू आहे.’ मंत्र्यांपुढे कागद जातो तेव्हा तिथे असतं: ‘सज्जता समाधानकारक.’ या वाटेवर कुणीही खोटं बोललेलं नसतं. प्रत्येकाने आपल्या वरिष्ठाला आवडेल इतपतच शब्द मऊ केलेला असतो. दुसरी खोड पर्यायांची. मंत्र्यांना तीन पर्याय दिले जातात: एक काहीच न करण्याचा, एक सर्वनाशाचा आणि मधला आपल्याला हवा तो. अननुभवी मंत्री मधल्यावर बोट ठेवतो आणि निर्णय आपण घेतला असं समजतो.

चांगला लष्करी सल्लागार हा कागद उलटा नेतो. तो खाली विचारतो, किती वाहनं बंद आहेत? आणि तोच आकडा मंत्र्यांना सांगतो. 1971 च्या एप्रिलमध्ये लगेच पूर्व पाकिस्तानात शिरण्याबद्दल विचारणा झाली तेव्हा आपण नकार दिला, असं माणेकशा स्वतः सांगत असत. त्या बैठकीच्या तपशिलांवर इतिहासकारांत वाद आहे. पण त्यांनी सांगितलेली कारणं पाहा: तोंडावर आलेला पावसाळा, रणगाड्यांची अवस्था, हिमालयातल्या खिंडी मोकळ्या असताना चीनकडून असलेला धोका. सगळी त्यांच्या कामातली, तपासून पाहता येणारी. युद्ध न्याय्य आहे का यावर त्यांनी प्रवचन दिलं नाही. सैन्य डिसेंबरमध्ये उतरलं. जनरल ‘जमेल का, किती माणसं लागतील, किती मरतील’ याचं उत्तर देतो तेव्हा ते जाणकाराचं उत्तर असतं. ‘करावं का’ याचं उत्तर देतो तेव्हा ते एका नागरिकाचं मत असतं, इतरांच्या मताइतकंच वजनदार. राजकारणी मंडळी ही रेघ मुद्दाम पुसतात, कारण त्यांना गणवेशाची पुण्याई उसनी हवी असते. फेब्रुवारी 2003 मध्ये इराकवर ताबा ठेवायला काही लाख सैनिक लागतील असं लष्करप्रमुख एरिक शिन्सेकी यांनी सेनेटला सांगितलं. ते त्यांच्या कामातलं उत्तर होतं, आणि संरक्षण खात्यातल्या नागरी वरिष्ठांनी ते जाहीरपणे उडवून लावलं. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांत इराकच्या शस्त्रांबद्दलचं गुप्तचरांचं म्हणणं मांडायला पुढे केलं गेलं ते निवृत्त जनरल आणि परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांना, कारण लोकांचा विश्वास त्यांच्यावर होता. ते म्हणणं खोटं ठरलं. तो आपल्यावरचा डाग आहे, असं पॉवेल यांनी पुढे स्वतःच म्हटलं.

मला खरी भीती वाटते ती याच विश्वासाची. ‘हा माणूस राजकारणाच्या वर आहे’ असं एकदा ठरलं की लोक त्याला प्रश्न विचारायचं थांबवतात. फील्डमार्शल हिंडेनबर्ग 1925 मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष झाले ते याच पुण्याईवर. 30 जानेवारी 1933 ला हिटलरची नेमणूक त्यांच्या सहीने झाली आणि महिनाभरात नागरी हक्क गोठवणाऱ्या वटहुकमावरही त्यांचीच सही होती. म्हातारबुवा आहेत तोवर काही वावगं होणार नाही, असं शहाण्यासुरत्या लोकांना वाटत होतं.

नेत्यांची नजरही इथेच चुकते. चिलीचे अध्यक्ष आयेंदे यांनी 23 ऑगस्ट 1973 रोजी पिनोशे यांना सेनापती नेमलं, ते घटना मानणारे म्हणून. 11 सप्टेंबरला पिनोशे आणि इतर सेनाप्रमुखांनी बंड केलं आणि हवाई दलाने अध्यक्षांच्या महालावर बाँब टाकले. भुट्टोंनी 1976 मध्ये अनेक वरिष्ठांना डावलून झिया-उल-हक यांना लष्करप्रमुख केलं, कारण ते नम्र आणि निरुपद्रवी वाटले. पुढच्याच वर्षी झियांनी सत्ता घेतली, 90 दिवसांत निवडणुका घेण्याचं वचन दिलं, भुट्टोंना फासावर चढवलं आणि 1988 मध्ये मरेपर्यंत राज्य केलं. इजिप्तमध्ये मोर्सींनी 2012 मध्ये सिसींना नेमलं, पुढच्या वर्षी सिसींनीच त्यांना हटवलं. या तिघांनी माणूस निवडताना ‘माझ्याशी नीट वागतो’ एवढंच पाहिलं. आयेंदेंचे आधीचे सेनापती कार्लोस प्रात्स यांनी जून 1973 मधलं बंड स्वतः रस्त्यावर उतरून मोडलं होतं. पण सहकारी जनरलांनी पाठ फिरवल्यावर त्यांनी पद सोडलं आणि पुढच्या वर्षी ब्वेनोस आयर्समध्ये बाँबस्फोटात त्यांचा खून झाला. चांगला जनरल एकटा पुरत नाही. त्याच्या खालच्या अधिकाऱ्यांनाही तीच शिकवण असावी लागते.

सत्ता थेट हाती आल्यावर कारभार सुधारतो, या समजुतीवर फार वेळ घालवत नाही. ब्रह्मदेशात जनरल ने विन यांनी 1987 मध्ये 25, 35 आणि 75 क्याटच्या नोटा भरपाई न देता रद्द केल्या आणि 45 व 90 च्या नव्या काढल्या. लोकांची बचत एका रात्रीत गेली. पुढच्या वर्षी देश पेटला. असा निर्णय अडवणारं त्यांच्याभोवती कुणी उरलेलंच नव्हतं.

माझ्या कसोटीला पूर्ण उतरलेला, पण आपल्याकडे फारसा माहीत नसलेला माणूस म्हणजे पोर्तुगालचे रामाल्हो एआनेश. 1974 च्या क्रांतीनंतर तिथे सेनाधिकारीच सर्वेसर्वा झाले होते. नोव्हेंबर 1975 मध्ये सैन्यातल्या एका गटाने बंड केलं, ते मोडण्याच्या कारवाईची सूत्रं एआनेश यांच्याकडे होती. त्या वेळी सत्ता घेणं त्यांना अशक्य नव्हतं. ते 1976 मध्ये निवडणूक लढवून अध्यक्ष झाले. 1982 मध्ये घटनादुरुस्ती होऊन सेनाधिकाऱ्यांचं क्रांतिमंडळ बरखास्त झालं आणि अध्यक्षांचे अधिकारही कमी करण्यात आले. त्यांनी ते मानलं, मुदत संपवली आणि 1986 मध्ये निवडून आलेल्या नागरी नेत्याकडे पद सोपवलं. मार्शलपदाची बढतीही नाकारली. द गॉल यांच्याबद्दल माझं मत जास्त गुंतागुंतीचं आहे: 1958 मध्ये ते आले ते लष्कराच्या धमकीच्या सावलीत. पण 1961 मध्ये जनरलांचं बंड त्यांनी मोडून काढलं, आणि 1969 मध्ये सार्वमत हरल्यावर दुसऱ्याच दिवशी पायउतार झाले.

तेव्हा तुमच्यासमोर एखादा निवृत्त जनरल उमेदवार किंवा सल्लागार म्हणून उभा राहिला तर त्याला शौर्याच्या कथा विचारू नका. वरिष्ठांशी कधी मतभेद झाला, तो कुणापाशी मांडला, हरल्यावर काय केलं, हे विचारा. हाताखालच्या कुणी वाईट बातमी आणली त्याचं पुढे काय झालं, बढती मिळाली की बदली, हे त्याच्या जुन्या कनिष्ठांकडून काढा. गणवेश उतरवून किती काळ झाला, हेही पाहा. काल निवृत्त झालेला जनरल आज एका पक्षाच्या मंचावर दिसला की सेवेतल्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या बढतीकडे लोक पक्षाच्या चष्म्यातून पाहू लागतात, आणि अधिकारीही तसाच हिशेब करू लागतात. अमेरिकेने 1947 च्या कायद्यात यासाठीच संरक्षणमंत्र्याला सेवेतून बाहेर पडून दहा वर्षं झालेली असावीत अशी अट घातली. 1950 मध्ये मार्शल यांच्यासाठी ती शिथिल केली, तेव्हा हा पायंडा समजू नये असं संसदेने कायद्यातच लिहून ठेवलं. 2008 मध्ये दहाची सात वर्षं झाली. 2017 मध्ये मॅटिस यांच्यासाठी आणि 2021 मध्ये ऑस्टिन यांच्यासाठी पुन्हा सूट दिली गेली. 2021 च्या अखेरीस जनरलांसाठी ही अट पुन्हा दहा वर्षांची झाली. दोघांच्या योग्यतेबद्दल मला शंका नाही, पण अट दहा वर्षांचीच राहायला हवी होती आणि या दोन्ही सवलती द्यायला नको होत्या, असं माझं स्पष्ट मत आहे.